आत्यांना कॅन्सर का झाला नाही? गिरगावातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण असं आहे. गिरगावच्या एका चाळीत तीन पिढ्या काढलेलं कुटुंब, आता निम्मं मुलुंड-डोंबिवलीकडे पांगलेलं. घरातल्या थोरल्या मुलीला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर (त्यांना पकडणारी पेशीतली प्रथिनं) आणि हर-टू हे प्रथिन, या तिन्हींची चाचणी निगेटिव्ह आलेली. या वयात या प्रकारची गाठ निघाली की जनुकीय तपासणी करायचीच असते. ती केली आणि बीआरसीए-१ या जनुकात रोगकारक बदल सापडला.

मग रीतीप्रमाणे घरातल्या इतरांची तपासणी सुरू झाली. धाकटी बहीण, वय ३४, एका मुलाची आई: पॉझिटिव्ह. लहान आत्या, वय ७०, ४६व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर आलेली: पॉझिटिव्ह. मोठ्या आत्या, वय ८५, कधी साधी गाठसुद्धा नाही: त्याही पॉझिटिव्ह.

हा शेवटचा रिपोर्ट कोणालाच अपेक्षित नव्हता. आत्यांचं रक्त घेतलं ते त्यांच्या मुलांसाठी. आईत बदल नसेल तर चारही मुलं मोकळी, एवढाच हिशेब होता. रिपोर्ट आला तेव्हा धाकटीने मला विचारलं, "मॅडम, आत्याकडे हे वाईट जीन आहे आणि तरी ८५व्या वर्षी ती ठणठणीत आहे. म्हणजे याला रोखणारं दुसरं काहीतरी चांगलं जीन तिच्याकडे असणार. ते माझ्याकडे पण आलं असेल ना? मग मी एमआरआय आणि ऑपरेशनच्या मागे आत्ताच का लागू?"

मी जनुकीय समुपदेशक आहे. हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देता येत नाही, कारण जगभरचे संशोधक गेली वीसेक वर्षं नेमका हाच प्रश्न विचारताहेत. फरक इतकाच की त्यांना उत्तरासाठी पुढची वीस वर्षंही परवडतील. धाकटीला परवडणार नाहीत. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वंशावळ

पहिल्या भेटीत आम्ही मोठा कागद पसरून वंशावळ काढतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, ज्यांना आजार झाला त्यांचं चिन्ह भरून टाकायचं. या कुटुंबाने आधी सांगितलं की आईकडे कॅन्सर अजिबात नाही, त्यामुळे 'हे घराण्यातलं नसावं'. स्तनाचा कॅन्सर आईकडूनच येतो ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की वडिलांच्या बाजूचं कोणी विचारतही नाही, डॉक्टरसुद्धा पुष्कळदा विचारत नाहीत. बीआरसीए-१ हे १७व्या गुणसूत्रावर असतं. ते आईकडून जसं येतं तसंच वडिलांकडूनही, आणि प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता दर वेळी निम्मी.

या बहिणींचे वडील ६६व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या तीन बहिणी. मोठ्या आत्या निरोगी. मधली आत्या ५३व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. लहान आत्येचं वर आलंच. वडिलांची आई पन्नाशीतच वारली. कशाने, तर "पोटात पाणी झालं होतं". जुन्या मराठी घरांत हे वाक्य ऐकलं की मी पेन थांबवते. पोटात पाणी यकृताच्या आजारातही होतं, टीबीतही होतं. पण मुलीला अंडाशयाचा कॅन्सर आणि आईच्या पोटात पाणी, हे एका कागदावर खालीवर आलं की अंदाज बांधावासा वाटतो. आजीचा कुठलाच कागद नाही, म्हणून तिच्या वर्तुळात मी प्रश्नचिन्ह घातलं.

चौकोनातून खाली उतरलेली रेषा सगळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वडिलांना स्वतःला काही झालं नाही, पण दोन्ही मुलींना ते जनुक त्यांच्याकडूनच आलं.

नशीब किती, जनुक किती

बीआरसीए-१चं काम पेशीतला तुटलेला डीएनए नीट जोडण्याचं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली, स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्पिढ्या दिसणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून, हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ साली ते प्रत्यक्ष हाती लागलं आणि पुढच्याच वर्षी १३व्या गुणसूत्रावरचं, याच जातीचं बीआरसीए-२. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. आयुष्यात कधीतरी स्तनातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की तिथून पुढे चुका साचत जातात. ती कधी जाईल, कुठल्या पेशीत जाईल, जाईल की नाही, यात योगायोगाचा वाटा मोठा असतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीप्रमाणे बीआरसीए-१ वाहक (म्हणजे बिघडलेली प्रत असलेल्या) स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के. ७२ हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या २८ जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होत नाही. या २८ जणींना काही खास मिळालेलंच असतं असं नाही. बऱ्याच जणी निव्वळ योगायोगाने वाचतात.

जवळच्या नात्यात रुग्ण जास्त असतील तर धोका या सरासरीच्याही वर जातो, हेही त्याच पाहणीत दिसलं. या घरात रुग्ण जास्त आहेत. तरीही निरोगी वाहक एकच असेल तर 'हिला संरक्षण आहे' असं म्हणायला आधार फार थोडा. धाकटीला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण आत्या निरोगी का, याची योगायोगाखेरीज आणखी कारणंही शोधायची होती. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याआधी आत्यांचं आयुष्य नीट विचारून घ्यायला हवं होतं.

आत्यांचं आयुष्य

आत्यांचा जन्म १९३९चा. पाळी पंधराव्या वर्षी आली. अठराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, एकूण चार मुलं. "अंगावर किती पाजलंत?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरं होईपर्यंत पहिलं पीतच होतं." शेंडेफळ तीन वर्षांचं होईपर्यंत अंगावर होतं. माहेरी-सासरी खाणं बेताचं, अंगाने कायम सडपातळ, चाळीचे जिने आणि पाण्याच्या बादल्या.

यातल्या प्रत्येक गोष्टीला आकडा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष निघाला तो असा: दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी आणि दर बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी उतरतो. हे सर्वसाधारण स्त्रियांचं झालं. बीआरसीए-१ वाहक स्त्रियांतही वर्षभराहून जास्त स्तनपानाचा फायदा दिसलेला आहे. बाळंतपणांच्या संख्येचा परिणाम मात्र वाहकांमध्ये इतका सरळ नाही.

मुंबईत हा धडा जुना आहे. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ साली इथेच सुरू झाली. त्या नोंदींतून पुढे आलेली एक ठळक गोष्ट म्हणजे पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त होतं. छोटा समाज, आपसात लग्नं, म्हणून जनुकाकडे बोट जाणं साहजिक. पण त्याच समाजात लग्नं उशिरा होतात, मुलं कमी, पुष्कळ बायका अविवाहित. जनुकाचा भाग किती आणि जगण्याच्या पद्धतीचा किती, हे समाजाच्या पातळीवरसुद्धा सुटं करणं अवघड जातं. एका आत्यांच्या बाबतीत ते किती अवघड असेल!

त्यांच्या जन्मवर्षाचाही परिणाम असू शकतो. मेरी-क्लेअर किंग यांच्याच गटाने २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबांचा अभ्यास मांडला. बीआरसीएचे तेच बदल असूनही, १९४०च्या आधी जन्मलेल्या वाहकांमध्ये पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण २४ टक्के निघालं आणि १९४०नंतर जन्मलेल्यांमध्ये ६७ टक्के. आइसलँडमध्ये बीआरसीए-२चा एकच बदल देशभर पसरलेला आहे. तिथे त्या बदलाच्या वाहक स्त्रियांत सत्तरीच्या आत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १९२० साली सुमारे १९ टक्के होतं आणि २००२ साली सुमारे ७२ टक्के. ऐंशी वर्षांत जनुक बदललेलं नाही. पाळी सुरू होण्याचं वय, पहिल्या बाळंतपणाचं वय, वजन, खाणं, हालचाल हे सगळं बदललं. यातलं नेमकं काय किती मोजायचं यावर वाद आहेत, पण दिशा एकच दिसते. म्हणजे १९३९च्या आत्यांची ढाल १९९०च्या भाचीच्या हाती आपोआप येत नाही. धाकटीची पाळी बाराव्या वर्षी आली, मूल एकतिसाव्या वर्षी झालं आणि ऑफिसमुळे पाजणं पाचव्या महिन्यात थांबलं.

ट्रंकेतला कागद

बोलता बोलता आत्यांच्या सुनेने सहज सांगितलं, "त्यांची पिशवी काढलीये ना." 'पिशवी काढली' हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कोणाला ते आजारपणाच्या इतिहासात सांगावंसं वाटत नाही. आम्ही पहिल्या भेटीत ऑपरेशनं विचारली होती, तेव्हा अपेंडिक्स सांगितलं होतं, मोतीबिंदू सांगितला होता. पिशवी कोणी सांगितली नाही.

गर्भपिशवी काढल्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होत नाही. प्रश्न अंडाशयांचा असतो, कारण स्तनाच्या पेशींना वाढायला लावणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी असलेल्या वयात मुख्यतः तिथून येतं. पिशवीबरोबर अंडाशय काढले की ठेवले? आत्यांना माहीत नव्हतं. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. मी सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट पाहिला. त्यात अंडाशय 'दिसले नाहीत' असं होतं, पण ऐंशीच्या पुढे ते आक्रसून दिसेनासे होतातच. त्याचा उपयोग नव्हता.

मुलाने माळ्यावरची ट्रंक उतरवली. लग्नाच्या शालूखाली, रेशनकार्डाच्या जुन्या प्रती आणि मुलांच्या लशींची कार्डं यांच्यामध्ये एक घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड निघालं. साल १९८३, वय ४४. घडीवर शाई उडालेली. निदान: अतिरक्तस्राव. त्याखाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात टीएएच आणि पुढे तिरकी रेघ मारून बीएसओ. म्हणजे पोट उघडून गर्भपिशवी काढली आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या व अंडाशयही काढले. पॅथॉलॉजीच्या रकान्यात 'प्रतिकूल काही नाही' एवढंच.

या एका ओळीने प्रकरणाचा अर्धा भाग सुटला. नळ्या आणि अंडाशय काढल्यावर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ८० टक्क्यांहून जास्त घटतो. मधली बहीण ज्या आजाराने गेली तो आत्यांना का झाला नाही, याचं सरळ उत्तर त्या कार्डावर होतं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. रक्तस्रावासाठी झालेल्या ऑपरेशनने, बीआरसीए-१चा शोध लागायच्या अकरा वर्षं आधी, त्यांना नकळत तेच मिळालं जे आज आम्ही वाहक स्त्रियांना सुचवतो.

स्तनाच्या कॅन्सरबाबत मात्र तेवढं ठामपणे बोलता येत नाही. अंडाशय काढल्याने वाहक स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ निम्मा होतो असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांच्या मोजणीतले दोष दाखवले आणि तो फायदा त्यांच्या पाहणीत दिसला नाही. तेव्हापासून हा मुद्दा वादात आहे. म्हणून फाइलमध्ये मी एवढंच लिहिलं की अंडाशयाच्या कॅन्सरपासून सुटका ऑपरेशनमुळे, स्तनाच्या कॅन्सरपासून सुटकेत ऑपरेशनचा वाटा असू शकतो, खात्री नाही. शिवाय ४४व्या वर्षापर्यंत तर त्यांचे अंडाशय जागेवर होते, तेव्हाही काही झालं नव्हतं.

रोखणारी जनुकं खरंच असतात का?

असतात. धाकटीला मी हे लपवलं नाही.

सगळ्यात ठोस उदाहरण लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांचं. अमेरिकेत राहणाऱ्या या स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षा स्तनाचा कॅन्सर कमी होतो आणि जिच्यात मूळ अमेरिकी आदिवासींचा वंशभाग जास्त तिला आणखी कमी, हे आधीपासून दिसत होतं. २०१४ साली लॉरा फेहरमन आणि एलाद झिव यांच्या गटाने यामागचा एक बदल शोधला. सहाव्या गुणसूत्रावर, इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाजवळ. याची एक प्रत असली तर धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी. हा बदल असलेल्या स्त्रियांच्या मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) स्तनाची घनताही कमी दिसली, आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह गाठींपासून संरक्षण जास्त. बदल मूळ अमेरिकी वंशातून आलेला, म्हणजे आपल्याकडे तो सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. पण एखाद्या समाजात आजार कमी का, असं विचारल्यावर काय हाती लागू शकतं ते यातून कळतं. आपण मात्र कायम जास्त का एवढंच विचारतो.

दुसरं उदाहरण सावध करणारं. पेशीला वेळेवर मरायला लावणाऱ्या कास्प-८ या जनुकातला एक बदल २००७ साली संरक्षक म्हणून पुढे आला. हजारो रुग्ण आणि तेवढ्याच निरोगी स्त्रिया तपासून मिळालेला निष्कर्ष, दर प्रतीमागे धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी. पुढे त्याच भागाची बारकाईने छाननी झाली तेव्हा त्या बदलाचं वजन उतरलं आणि लक्ष शेजारच्या बदलांकडे वळलं. इतक्या मोठ्या अभ्यासातूनही खरा धनी कोण ते पहिल्या फेरीत ठरलं नाही.

तिसरं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. इक्वाडोरच्या डोंगराळ भागात वाढ संप्रेरकाचा रिसेप्टर बिघडलेली, जेमतेम चार फूट उंचीची माणसं आहेत. या अवस्थेला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात. हायमे गेव्हारा-आगिरे या डॉक्टरांनी अशा ९९ जणांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं. त्यांच्यात कॅन्सर फक्त एकाला झाला आणि तोही जीवघेणा नव्हता. मधुमेह कोणालाच नाही. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. यात मोठं यंत्र नव्हतं. एक डॉक्टर एकाच भागात टिकून राहिला, आणि त्याच्या वहीत कोण आजारी पडलं याबरोबर कोण पडलं नाही हेही लिहिलेलं होतं.

बीआरसीए वाहकांसाठी नेमका हा शोध घेणारा आंतरराष्ट्रीय गट २००५पासून काम करतो आहे. हजारो वाहकांचे नमुने एकत्र करून त्यांनी २०१० साली १९व्या गुणसूत्रावरचा एक भाग दाखवला. तिथले काही बदल बीआरसीए-१ वाहकांचा धोका वाढवतात, काही कमी करतात. त्या भागातल्या एका जनुकाचं प्रथिन बीआरसीए-१च्याच गटात काम करतं, त्यामुळे हा धागा जुळतो. पण परिणाम लहान. अशा एकेका बदलाने ७२चे १० होत नाहीत, फार तर काही टक्के खाली येतात. ३१३ बदलांची बेरीज करून धोका सांगणारा एक गुणांकही २०१९ साली आला. तो युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेला आहे. आत्यांसाठी तो काढून त्यावर धाकटीचा निर्णय बेतायची माझी तयारी नव्हती.

एका कुटुंबातून का सापडत नाही

धाकटीच्या मोठ्या बहिणीने, किमोच्या तिसऱ्या सायकलमध्ये असताना, विचारलं, "आत्याचा आणि लहान आत्येचा पूर्ण जीनोम काढून फरक बघता येणार नाही का?" हुशार प्रश्न. सख्ख्या बहिणींचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सरासरीने निम्माच सारखा वारशाने आलेला असतो. प्रत्येक माणसात प्रमाण जीनोमपेक्षा वेगळे असे ४० ते ५० लाख बदल असतात. दोघींमध्ये फरक काढला तर लाखो निघतील आणि त्यातला कुठला कामाचा हे सांगणारं काहीच हातात नसेल. शंभर घरांतल्या शंभर आत्या लागतील, एकेकीचं आयुष्य याच तपशिलात लिहिलेलं लागेल, आणि त्यांच्या आजारी बहिणींचे नमुनेही लागतील.

त्या शंभर आत्या मुंबईत असणार याची मला खात्री आहे. परळ-खारघरच्या कॅन्सर संस्थांत वर्षानुवर्षं कुटुंबं तपासली जातात, खासगी प्रयोगशाळांतही जातात. पण आपली सगळी व्यवस्था आजारी माणसापासून सुरू होते. तपासणी रुग्णाची, मग तिच्या तरुण बहिणीची, मग मुलीची. 'म्हाताऱ्या माणसाला आता काय करायचंय' म्हणून ऐंशीच्या पुढची निरोगी बाई गळते. खर्चही असतो, आणि ती वाहक असली तर तिच्यासाठी वैद्यकीय निर्णय फारसा बदलत नाही हेही खरं. तिच्याकडून मिळणारी माहिती मात्र तिच्याबरोबर जाते. रोखणारी जनुकं शोधायची तर या बायका आधी मोजायला हव्यात. माझ्या मते हे काम अमुक यंत्रासाठी किंवा तमुक निधीसाठी अडलेलं नाही. आम्ही फॉर्मवर तिचा रकानाच ठेवत नाही.

दुसरी अडचण संमतीची. २०१६ साली एका प्रकल्पाने ५,८९,३०६ लोकांची जनुकीय माहिती चाळली. लहानपणीच गंभीर आजार व्हायला हवा असे बदल असूनही निरोगी असलेले १३ जण त्यांना आढळले. हे आजार कॅन्सर नव्हते, पण शोध याच जातीचा. त्या तेरा जणांपर्यंत पोचता आलं नाही, कारण नमुने देताना घेतलेल्या संमतीत 'पुन्हा संपर्क करू का' हे विचारलेलंच नव्हतं. माहिती खरी की चुकीची हे तपासायलासुद्धा कोणाला फोन करता येईना. सहा लाखांच्या आसपास माणसं चाळून, हवी ती तेरा सापडून, एका न विचारलेल्या प्रश्नापाशी सगळं थांबलं.

म्हणून आत्यांच्या फॉर्मवर तो प्रश्न मी मोठ्याने वाचला: पुढे कधी काही सापडलं तर तुम्हाला, आणि तुम्ही नसाल तर तुमच्या मुलांना, कळवायचं का? नमुना दुसऱ्या संशोधनाला वापरायचा का? मुलगा जरा घुटमळला. त्याला आत्यांच्या नातीच्या लग्नाची काळजी, घराण्यात असं काही आहे हे बाहेर कळलं तर. ही काळजी मुंबईतही खरी आहे आणि ती झटकून टाकणारा समुपदेशक कुटुंब गमावतो. नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो, ती यादी कोणाकडे राहते, हे त्याला नीट समजावून सांगितलं. आत्या मधेच म्हणाल्या, "घ्या हवं तेवढं रक्त. पण हिला सांगा, माझ्याकडे बघून तपासणी टाळू नको." आणि दोन्ही प्रश्नांपुढे 'हो' लिहायला लावून सही केली.

धाकटीचा निर्णय

आत्यांकडे एखादं दुर्मीळ संरक्षक जनुक आहे असं क्षणभर धरून चाललो तरी ते आत्यांच्या भावात असण्याची शक्यता निम्मी, आणि भावाकडून धाकटीत येण्याची त्याच्या निम्मी. म्हणजे चारात एक. वाईट बदल मात्र तिच्यात आहे हे रिपोर्टवर लिहिलेलं आहे. न सापडलेल्या चांगल्या जनुकाच्या पाव शक्यतेवर सापडलेल्या वाईट जनुकाचा धोका पत्करायचा नाही. हे गणित मी तिला कागदावर मांडून दाखवलं, आणि तिने कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

तिने दर वर्षी एमआरआय आणि त्याच्या जोडीला मॅमोग्राम असं ठरवलं. तरुण वयात स्तन घन असतात, नुसत्या मॅमोग्रामवर गाठ निसटू शकते, म्हणून एमआरआय. स्तन काढण्याच्या ऑपरेशनने धोका ९० टक्क्यांच्या आसपास घटतो हे तिला सांगितलं. ते तिने आत्ता नको म्हटलं, आणि तो तिचा हक्क आहे. अंडाशयांबाबत मात्र मी मोकळं बोलले. बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात ते काढावेत असा सल्ला असतो, कारण या कॅन्सरला वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. तिला दुसरं मूल हवं आहे. ते झाल्यावर आणि चाळिशीच्या आत ऑपरेशन, असं ती आणि तिचा नवरा ठरवून गेले. पहिला एमआरआय स्वच्छ आला.

आत्यांच्या चार मुलांपैकी दोघांत बदल उतरला आहे, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी ५८ वर्षांची, तिची मॅमोग्राफी आणि अंडाशयाच्या ऑपरेशनची तयारी चालू आहे. मुलाच्या दोन मुली वीस-बावीसच्या. त्यांची तपासणी त्यांनी स्वतः मागितल्यावरच होईल, बापाने मागून नाही, हे आम्ही घरात स्पष्ट केलं आहे.

वंशावळीची एक बाजू अजून रिकामी आहे. आजीचं माहेर राजापूरकडचं, आणि तिच्या बहिणींची पिढी तिकडेच राहिली. त्यांच्या मुलींपैकी तिघी पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, तिघीही धडधाकट, आणि त्यांच्या एका सख्ख्या भावाची मुलगी स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेते आहे. त्या भावाकडून बदल आला असेल तर या तिघींपैकी प्रत्येकीत तो असण्याची शक्यता निम्मी. आत्यांनी त्यांना फोन केले आहेत. दोघी रक्त द्यायला तयार आहेत, तिसरी मुलाला विचारते म्हणाली. या वेळी फॉर्मवर पिशवीचा, अंडाशयांचा, पाजण्याच्या महिन्यांचा आणि पुन्हा संपर्काचा असे चारही रकाने पहिल्या पानावर घेतले आहेत.